चाफ्याची पहिली फांदी लावताय?

हे सगळं चीक येणाऱ्या देवचाफ्याबद्दल, सोनचाफ्याबद्दल नाही. आधी जात बघून घ्या. लाल, गुलाबी, पिवळ्या चाफ्याची पानं टोकदार असतात आणि थंडीत गळतात. नुसत्या काठ्या उरल्या म्हणून झाड मेलं असं समजू नका. गोलसर टोकाच्या पानांचा पांढरा चाफा बराचसा हिरवा राहतो. नागाच्या फण्यासारख्या पानांचा चाफा जवळजवळ बारमाही फुलतो, पण त्याला वास नसल्यासारखाच. मला त्याचं फारसं कौतुक नाही.

नवख्यांची फांदी कुजते ती घाईमुळे. फूटभर लांब, करड्या सालीची जून फांदी घ्या, हिरवी कोवळी नको. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. कापलेलं तोंड कोरडं, टणक झालं की मगच लावा. फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम. मातीत जाडी वाळू सढळ हाताने मिसळा.

- पानं फुटेपर्यंत पाणी अगदी बेताचं.
- मुळं धरली का, हे बघायला फांदी उपटू नका.
- पाच-सहा तास ऊन हवंच. सावलीत फुलं रुसतात.

खतं, कलमं पुढच्या वर्षी बघू. बियांच्या नादी आत्ता लागू नका. फुलं यायला काही वर्षं जातात आणि रंग मूळ झाडासारखा येईलच असं नाही.