फळबागेतले आणि माळरानावरचे कोळी-मुंग्या मोजायला जमिनीत पुरलेले पेले पुरेसे आहेत का?

नाही, नुसते पेले पुरत नाहीत. त्यांत पडतात ते जमिनीवर धावणारे जीव. फांद्यांवर जाळी विणणारे कोळी किंवा पानं जोडून घरटं करणाऱ्या मुंग्या क्वचितच. त्यांच्यासाठी फांदीखाली पांढरं कापड धरून फांदी काठीने झोडपा, उंच गवतात हातजाळं फिरवा. मुंग्यांची डोकी मात्र मोजत बसू नका: शेजारी वारूळ निघालं तर एकच पेला शेकड्यांनी भरतो. त्यापेक्षा मुंग्यांची प्रत्येक जात किती पेल्यांत सापडली ते लिहा. (कोळ्यांची पिल्लं बहुधा जातीपर्यंत ओळखता येत नाहीत, प्रौढच लागतात.) फक्त जमिनीवरच्या जीवांची दोन जागांत तुलना करायची असेल तर पेले चालतील, पण त्यांचा आकार, संख्या आणि दिवस दोन्हीकडे सारखेच हवेत.