काळवीट मारलं तर तुरुंग, मग पोपट पाळला तर?

प्रश्न असा आहे की काळवीट आणि आपला हिरवा पोपट, म्हणजे कीर, यांत जास्त मोलाचा कोण, आणि घरी पोपट ठेवणं हा खरंच गुन्हा आहे का.

गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या पहिल्या यादीत आहे, आणि २०२२ची दुरुस्ती झाल्यापासून कीर दुसऱ्या. काळवीट मारलं तर ३ ते ७ वर्षं कैद आणि वर दंड, किराच्या बाबतीत ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

गोव्याच्या रानात काळवीट नाही. त्याला महाराष्ट्रातल्या रेहेकुरी किंवा कर्नाटकातल्या राणेबेन्नूरसारखा उघडा माळ लागतो. तरी काळविटाच्या शिकारीची बातमी आली की आमच्याकडे सगळे हळहळतात. कीर मात्र दारातल्या माडावर ओरडत असतो, म्हणून त्याचं कुणाला काही नाही.

माझ्या मामाच्या घरी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, बाल्कांवात म्हणजे पुढच्या ओसरीत किराचा पिंजरा टांगलेला असायचा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळं घर जमलं की यावरून आमचं वाजायचंच. मामा म्हणायचा, "काळवीट रानचं जनावर, हा घरचा आहे. मिरची देतो, भिजवलेली डाळ देतो, आणखी काय हवं?" मी त्याला पिंजऱ्याजवळ नेऊन शेपूट दाखवायचे. तारांवर घासून घासून पिसांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. पंख कातरलेले. वर्षं गेली तरी गळ्याला कंठ, म्हणजे रंगीत कडं, आला नाही, कारण ती मादी होती. कंठ नरालाच येतो, जशी पिळदार शिंगं आणि काळा रंग काळविटाच्या नराला. मामाला हे मी सांगितलं तेव्हा कळलं, तरी हाक शेवटपर्यंत "राघू"च.

हे पिल्लू आलं कुठून? वठलेल्या माडाच्या ढोलीतून. पिसं फुटायच्या आत काढतात, पिशवीत कोंबून बाजारात नेतात, बरीच वाटेतच मरतात. काळविटाचं पाडस पहिले काही दिवस गवतात एकटंच दबून बसतं आणि आई लांब चरते. तेही "अनाथ" समजून उचलणारे आहेतच. बंदुकीने मारलेलं सगळ्यांना दिसतं, मायेने उचलून नेलेलं कुणी मोजत नाही. माझ्या लेखी दोन्ही सारखंच. मामाला पटलं नाही. मामी मात्र माझ्या बाजूने होती, पिंजरा रोज तीच धुवायची.

मोलाचं विचाराल तर अशी तुलनाच मला पटत नाही. संख्येने दोघांनाही आज तातडीचा धोका नाही. काळवीट माणसांनी नेऊन अर्जेंटिना आणि टेक्सासमध्ये वाढवलं, कीर पिंजऱ्यांतून सुटून लंडनच्या बागांत वसला. पण पाकिस्तान आणि बांगलादेशातून रानटी काळवीट संपलं, हेही खरं.

बजरीगर, लव्हबर्डसारख्या परदेशी पक्ष्यांचे नियम वेगळे आहेत. आणि घरी कीर असेलच तर हे वाचून पिंजऱ्याचं दार उघडू नका. पंख कातरलेला पक्षी कावळ्यांच्या तावडीत सापडतो. वन खात्याला फोन करा, त्यांच्याकडे सोपवा.