धुराड्यातली स्टीलची नळी : काय घासावं, काय बदलावं, कशाला हात लावू नये

जुन्या घरांची धुराडी विटांची असतात. वर्षानुवर्षांच्या धुराने सांध्यांतला चुना भुसभुशीत झालेला असतो, आत मातीच्या नळ्या असल्या तर त्यांना तडे गेलेले असतात. अशा धुराड्यात वरून स्टेनलेस स्टीलची नळी, म्हणजे लायनर, सोडतात. त्यामुळे धूर आणि त्यातलं आम्ल विटांपर्यंत पोचत नाही. या वेळचे सगळे प्रश्न या नळीबद्दल आहेत, आणि बऱ्याच प्रश्नांमागे एकच समजूत आहे : स्टेनलेस आहे, त्याला काय होतंय!

प्रश्न : आमच्या लाकडाच्या स्टोव्हला १५० मिमी व्यासाची लवचिक नळी आहे. पूर्वी विटांच्या धुराड्यात तारेचा ब्रश चालवायचो. तोच आता चालेल का? हे काम घरी करावं का?

तो ब्रश आता बाजूला ठेवा. लवचिक नळीचा पत्रा साधारण ०.१ ते ०.१५ मिमी जाडीचा असतो. साध्या लोखंडी तारेने त्यावर ओरखडे उठतात, आणि त्याहून वाईट म्हणजे तारेचे बारीक कण पत्र्यात रुतून बसतात. हे कण गंजतात आणि खालच्या स्टीललाही कीड लावतात. नायलॉनचा किंवा पॉलिप्रोपिलीनचा गोल ब्रश घ्या, नळीच्याच व्यासाचा. स्टेनलेस तारेचा ब्रश जाड पत्र्याच्या कडक नळीत चालतो. लवचिक नळीत मात्र उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच.

घरी करायचं की नाही, हे ब्रश कुठून घालता येतो त्यावर ठरवा. स्टोव्हमधून किंवा नळीच्या बुडाशी असलेल्या टी-जोडाच्या झाकणातून ब्रश वर जात असेल, तर जमण्यासारखं काम आहे. छपरावर चढावं लागत असेल तर व्यावसायिकाला बोलवा. त्यात कमीपणा काही नाही.

स्टोव्ह निदान एक दिवस विझलेला हवा. राखेत निखारा दिसत नसला तरी असू शकतो, म्हणून राख झाकण असलेल्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर ठेवा. स्टोव्हच्या छताशी जी आडवी फळी असते, ती बॅफल, काढून घ्या. नाहीतर सगळी काजळी तिच्यावर साचेल आणि पुढच्या वेळी पेटवलं की धूर खोलीत येईल. दाराला प्लॅस्टिक चिकटवून छोट्या फटीतून काठ्या आत सरकवा. नळीची लांबी आधी मोजून त्या मापावर काठीला चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे ब्रश वरच्या टोपीला धडकून ती उचकटणार नाही. आटे असलेल्या काठ्या असतील तर नेहमी घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. उलट फिरवलं की जोड सुटतो आणि ब्रश मध्येच लटकून राहतो. मग काढणाऱ्याची मजुरी साफसफाईपेक्षा जास्त होते.

ब्रश कुठे अडला तर जोर लावू नका. दोन थरांच्या, आतून गुळगुळीत नळीवर धुराच्या दिशेचा बाण असतो. नळी उलटी बसवलेली असेल तर आतल्या पट्ट्यांच्या कडा ब्रशला अडकतात, आणि जोराने पट्टी उसवते.

मास्क चांगल्या प्रतीचा घाला, कापडी रुमाल पुरत नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी १७७५ मध्येच जोडला होता. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनरही वापरू नका. काजळी इतकी बारीक असते की त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर बसते.

किती वेळा? तपासणी वर्षातून एकदा, हे अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेच्या एनएफपीए २११ या मानकातही आहे. काजळीचा थर ३ मिमीचा झाला की साफ करायचंच, मग वर्ष झालेलं असो वा नसो.

प्रश्न : नळीत काळा, चकचकीत, काचेसारखा थर आहे. ब्रश त्यावरून नुसता घसरतो. एकजण म्हणाले, विस्तवात मूठभर मीठ टाका. दुसरे म्हणाले, एकदा जोरदार जाळ करा, सगळं जळून जाईल. काय करू?

दोन्ही करू नका. दुसरा सल्ला तर सरळ आग लावण्याचा आहे.

लाकडाचा धूर नळीच्या भिंतीशी साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं तिथेच धरतात. यालाच क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला ते कोरड्या भुकटीसारखं असतं, ब्रशच्या एका फेरीत उतरतं. पुढे पोपडे धरतात, तेही जरा मेहनतीने निघतात. मग त्यावर थरावर थर बसून, तापून, तुम्ही म्हणता तसा चकाकणारा लेप होतो. तो पत्र्याला चिकटलेला असतो, आणि तो इंधन असतो. जोरदार जाळ केलात तर हे इंधन पेटेल आणि नळीत हजार अंशांच्या पुढे तापमान जाईल.

मिठाचा उपाय विटांच्या धुराड्यांच्या जमान्यातला आहे. मिठातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलच्या मुळावर येतं. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

आता उपाय. थर मऊ किंवा ठिसूळ करणारी रासायनिक पूड मिळते. ती विस्तवात टाकतात, काही आठवडे रोजच्या जाळात ती थर सुकवते, मग तो पोपड्यांसारखा निघतो. पूड क्लोराइडविरहित आणि स्टेनलेस नळीला चालणारी आहे, हे डब्यावर वाचून घ्या. सगळंच पुडीवर सोडू नका. ती थर फक्त तयार करते, काढायला ब्रश लागतोच. व्यावसायिक लोक ड्रिलला जोडलेल्या नायलॉनच्या दोऱ्यांचं फिरतं डोकं चालवतात, ते लवचिक नळीतही चालतं. फिरत्या साखळ्या मात्र लवचिक नळीत घालू देऊ नका. विटांच्या धुराड्यात त्या भारी काम करतात, इथे पत्रा फाडतात. थर कशानेच निघत नसेल तर नळी बदलावी लागते.

आणि हा थर बसला कसा, हे शोधल्याशिवाय पुढच्या हंगामात पुन्हा हेच पत्र लिहाल. तीन कारणं नेहमीची : ओलं लाकूड (ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, आणि मोजायचं यंत्र ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचायचं), हवेची झडप आवळून रात्रभर धुमसत ठेवलेला स्टोव्ह, आणि घराच्या बाहेरच्या भिंतीतलं थंडगार धुराडं. पहिल्या दोन सवयी आहेत, बदलता येतात. तिसऱ्यासाठी नळीभोवती उष्णतारोधक सिरॅमिक लोकरीचं वेष्टन हवं. जुन्या घरांत पैसे वाचवायला हे वेष्टन गाळतात, हे माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारं वाचवणं आहे.

प्रश्न : साफ केल्यावर नळीच्या वरच्या टोकाला तपकिरी डाग दिसले. स्टेनलेसला गंज कसा लागला? आम्हाला फसवलं का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अत्यंत पातळ पापुद्रा तयार करतं आणि तोच धातूला वाचवतो. ओरखडा पडला तर तो पुन्हा धरतो. क्लोराइड आणि आम्ल आलं की मात्र तो जागोजागी फुटतो, आणि फुटलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडून आत आत जातो.

आधी ओलं फडकं फिरवून पाहा. सांडलेल्या चहासारखे पसरट डाग असतील आणि पुसले जात असतील, तर ते वरवरचे आहेत, बहुतेक टोपीच्या किंवा स्क्रूच्या गंजाचं पाणी ओघळलेलं. सोनेरी-निळसर छटा दिसली तर ती उष्णतेची, गंज नव्हे. डागाच्या मधोमध सुईचं टोक रुतत असेल तर खड्डा पडलेला आहे, आणि असे खड्डे एकटे नसतात.

क्लोराइड येतं कुठून? समुद्रातून वाहून आलेलं लाकूड, रंगवलेलं किंवा रसायन लावलेलं लाकूड, प्लॅस्टिक, कचरा. हे जाळत असाल तर थांबवा. कोळसा जाळणाऱ्यांचं दुखणं वेगळं : त्यातलं गंधक काजळीत बसतं, आणि स्टोव्ह बंद असलेल्या महिन्यांत ही काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि तिथल्या तिथे सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. म्हणजे नळी वापरताना झिजते त्याहून जास्त बंद असताना झिजते. म्हणून कोळशाच्या स्टोव्हची नळी हंगाम संपल्याबरोबर साफ करा, पुढचा हंगाम सुरू होताना नव्हे. नंतर हवेची झडप उघडी ठेवा, आत हवा खेळू द्या.

स्टीलची प्रतही पाहा. ३०४ या प्रतीत मॉलिब्डेनम हा धातू नसतो, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतो, ९०४एल मध्ये ४ ते ५. मॉलिब्डेनम जितकं जास्त तितकी खड्ड्यांना दाद कमी. कोरड्या लाकडाला ३०४ पुरू शकतं. कोळशाला ते लावलं असेल तर मात्र तुमच्या शंकेत तथ्य आहे.

प्रश्न : कॅमेऱ्यात नळीच्या मधल्या भागात छोटं भोक दिसलं. भट्टीचं सिमेंट किंवा उष्णतारोधक सीलंट लावून बुजवता येईल का?

लवचिक नळीचं भोक बुजवत नाहीत, ती नळी बदलतात. पत्रा तापला की लांबतो, गार झाला की आखडतो. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही, चार-दोन जाळांत सुटतं. शिवाय भोक दिसेपर्यंत आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असतो. कडक नळी तुकड्यातुकड्यांची असेल आणि तो तुकडा काढण्याइतकी जागा असेल, तर तेवढाच बदलता येतो.

दुरुस्ती होते ती दोन टोकांना. वरची टोपी, तिची जाळी, धुराड्याच्या तोंडावरची पट्टी आणि तिचं सील, खालचा टी-जोड, त्याचं झाकण, पट्टा आणि स्क्रू : हे सगळं सुटं मिळतं. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला एक स्क्रू नळीचा जोड कुजवायला पुरेसा आहे.

नवी नळी घालण्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या. भोकाच्या कडा बाहेरून आत खचलेल्या दिसतात की आतून बाहेर, हे काढलेल्या नळीवर पाहा. जुन्या घरांत अनेकदा नळी बाहेरून कुजते. विटांवरची जुनी काजळी न काढताच नळी सोडलेली असते. मग धुराड्याच्या माथ्यावरून पाणी झिरपलं की ती भिजलेली काजळी आणि ढासळलेला चुना नळीला टेकून बसतात. तसं असेल तर आधी विटांचं धुराडं खरवडून साफ करा, माथ्याची गळती बंद करा. नाहीतर नवी नळीही तशीच जाईल.

प्रश्न : धुराड्यातून रेल्वे गेल्यासारखा आवाज आला, थोड्या वेळाने थांबला. बाहेरून सगळं ठीक आहे. स्टोव्ह पेटवू का?

नाही. ती नळीतली आग होती. युरोपीय मानकांत काजळीच्या आगीची चाचणी १००० अंशांवर ३० मिनिटं असते, त्यामुळे चांगली नळी अशी आग झेलते. पण झेलते याचा अर्थ घर वाचतं. नळी पुढेही वापरण्याजोगी राहते असा नाही. पत्रा मुरडतो, सांधे उघडतात, बाहेरचं वेष्टन जागा सोडतं. पूर्ण लांबीत कॅमेरा घालून तपासणी होईपर्यंत स्टोव्ह बंद. विमा असेल तर कंपनीला साफसफाईच्या आधी कळवा, नंतर नाही.

प्रश्न : लाकडाचा स्टोव्ह काढून त्याच नळीला गॅसचं उपकरण जोडलं. आता खालच्या झाकणातून पाणी गळतं.

एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गॅसचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा थंड असतो, आणि नळी त्याला मोठी पडत असेल तर तो रेंगाळतो, वाफेचं पाणी होतं. ते पाणी आम्लधर्मी असतं. जुन्या लाकडी काजळीवरून वाहिलं तर आणखी तिखट होतं. उपकरण बंद ठेवा, जोडणाऱ्या अधिकृत तंत्रज्ञाला बोलवा आणि नळीचा व्यास व प्रत त्या उपकरणाच्या पुस्तिकेशी ताडून घ्या. कंडेन्सिंग प्रकारचं, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारं उपकरण असेल तर त्याला त्याचीच खास नळी लागते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आजच लावा, आणि तो आहे म्हणून दुरुस्ती लांबवू नका.

प्रश्न : जुनं घर घेतोय. मालक म्हणतात, नळी नवीच आहे. काय पाहावं?

बिल आणि नळीच्या प्रतीचा कागद मागा. ‘नवी’ शब्दाला त्याशिवाय अर्थ नाही. नळीचा व्यास स्टोव्हच्या तोंडाइतका आहे का, बाण धुराच्या दिशेला आहे का, वेष्टन आहे का, आणि घालण्याआधी विटा साफ केल्या होत्या का, हे विचारा. कॅमेऱ्याची तपासणी व्यवहार होण्याआधी करून घ्या. नंतर तिचा उपयोग फक्त हळहळायला होतो. टोपीच्या जाळीकडेही मान वर करून पाहा. जाळी डांबराने लिंपलेली दिसली तर खालचं चित्र वेगळं नसणार.

आणि एक. माळ्यावर किंवा पोटमाळ्यात राखाडी, सिमेंटसारख्या दिसणाऱ्या जुन्या धूरनळीचा तुकडा दिसला, तर तो ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा असू शकतो. तो कापू, घासू किंवा फोडू नका. तपासणीसाठी नमुना घेणं आणि तो हलवणं, दोन्ही कामं त्यातल्या प्रशिक्षित माणसांकडेच द्या.