द्राक्षात साखर चढत नाही? आधी घड मोजा

प्रश्न (निफाड तालुका): थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग, छाटणीला ११० दिवस झाले. ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) १३ वर अडकलाय. झाडावर ५०-५५ घड आहेत. ०:०:५० या पालाश (पोटॅश) खताचे दोन स्प्रे झाले. दुकानदार आता लिटरला १० ग्रॅमने तिसरा घ्या म्हणतो, सोबत ‘शुगर बूस्टर’. गर्डलिंग (खोडाच्या सालीची कडी काढणं) करू का? विम्यात काही बसेल का?

उत्तर: तिसरा स्प्रे घेऊ नका. बूस्टरची बाटली परत करा.

साखर बाटलीतून येत नाही, पानात तयार होते आणि रसवाहिनीतून घडात उतरते. या वाहिनीतल्या चाळणी नलिकेच्या पेशींत केंद्रकही उरलेलं नसतं. रस वाहायला वाट मोकळी. त्यांना जगवते ती शेजारची सहपेशी. ऊर्जा खर्चून पानातली साखर नलिकेत भरण्याचं कामही तिचंच. साखर भरली की शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी आत शिरतं, दाब वाढतो आणि रस घडाकडे ढकलला जातो.

या भरणीला पालाश लागतं, खरं आहे. पण मॅग्नेशियमही लागतं, आणि ड्रिपमधून, वरून पालाशचा मारा केला की झाडाला तेच मिळेनासं होतं. खालची पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात, साखर पानातच तुंबते. देठ परीक्षणात (पानाच्या देठाच्या तपासणीत) कमतरता दिसली तरच पालाश फवारा, तेही लिटरला ५ ग्रॅमच्या आत. १० ग्रॅम कुणीही सांगो, नाही म्हणजे नाही. पानांच्या कडा करपल्यावर दुकानदार बागेत येत नाही.

तुमचं खरं दुखणं घडांची गर्दी. ९ बाय ५ फुटांवर लावलेल्या झाडाला ३०-३५ घड पुरे. एका घडामागे १५ निरोगी पानं हवीत. काडी हातात धरून मोजा. केवडा-भुरी रोगांनी गेलेली पानं धरू नका. मागे पडलेले, बारीक घड आजच कात्रीने उतरवा. जिवावर येतं, पण ५५ आंबट घडांना व्यापारी विचारत नाही. आणि ऊन लागावं म्हणून घडाजवळची पानं ओरबाडू नका!

गर्डलिंग आता नको. सालीची कडी काढली की रसवाहिनी तुटते, साखर वर अडते आणि जखम भरेपर्यंत मुळं उपाशी राहतात. ते काम मणी ४-५ मिमीचे असताना, फार तर मण्यांत पाणी उतरताना (मणी मऊ पडू लागताना), आणि ताकदीच्या झाडावरच. तुमचं झाड दमलेलं आहे.

‘पाणी तोडा, गोडी येईल’ हेही ऐकू नका. एकदम तोडलं की मणी सुकतात, मग घाबरून मोकळं सोडलं की तडकतात. हळूहळू कमी करा. फुगवणीला सीपीपीयू (मणी फुगवणारं संजीवक) जास्त गेलं असेल तर साखर उशिराच येणार; त्यावर दुकानात उतारा नाही.

फळपीक विमा हवामानाच्या निकषांवर मिळतो, गोडी कमी आली म्हणून नाही.

आठवड्याने पुन्हा ब्रिक्स बघा. मणी घडाच्या खांद्याचे, मधले आणि शेंड्याचे असे तिन्ही घ्या. नुसते खांद्याचे घेतले तर ब्रिक्स मीटर गोड बोलतो.