पहिला पावसाळा जाऊ द्या

तुम्ही लिहिलंय की वडील मार्चमध्ये गेले, नाशिकच्याच ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना माती दिली, आणि आता कबरीवर असं काय करावं जे साजेसं दिसेल आणि दोन वर्षांत भंगारात जाणार नाही. मी आईच्या कबरीवर तीनदा खर्च केलाय, त्यातला दोनदाचा वाया गेला. तेवढ्या अधिकारावर लिहिते.

सगळ्यात आधी, पावसाळा जाईपर्यंत काहीही पक्कं बांधू नका. नव्या कबरीची माती वर्षभर खाली बसत राहते. त्यात आपली काळी माती. एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत फुगून वर. आम्हाला घाई झाली होती, कारण स्मरण उपासनेला मामाकडचे सगळे येणार होते. दोन महिन्यांच्या आत विटांचा ओटा बांधला, वर पांढऱ्या चकचकीत टाइल्स. ऑगस्टमध्ये डोक्याकडची बाजू चार बोटं खचली, टाइल्स फुगून सुटायला लागल्या. पप्पा बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तीस वर्षं सिव्हिलच्या वॉर्डात पांढऱ्या टाइल्स बघितल्या तिने, इथेही आपण त्याच लावल्या." आई नर्स होती. मला ते तोवर सुचलंच नव्हतं.

तोवर मातीचा नीट उंचवटा, कडेने गोटे आणि डोक्याशी क्रूस पुरे. क्रूस लोखंडी अँगलचा करून घ्या, आधी रेडऑक्साइड मारून वर रंग. लाकडी दिसतो छान, पण वाळवी खालूनच सुरुवात करते. इथे आपल्या नाशिकच्या शरणपूरची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ती वसाहत उभी केली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा तो त्यांच्या तांड्यात होता. त्यांचं हृदय तिथल्याच एका झाडाखाली पुरलं, दफनविधी वेनराइटने वाचला आणि खोडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. पण लाकूड ते लाकूडच. खोड पोखरत गेलं, कोरलेला तुकडा कापून लंडनला नेऊन जपावा लागला आणि जागेवर पुढे पक्कं स्मारक उभं राहिलं.

पावसाळा उलटला की दिवाळीनंतर काम काढा. मिस्त्रीला एकच गोष्ट ठणकावून सांगा: स्लॅबचं वजन कबरीच्या मातीवर येता कामा नये. खड्ड्याच्या बाहेर, चारी बाजूंच्या न उकरलेल्या जमिनीत मुरूम ठोकायचा, त्यावर सळई टाकून बीम, आणि दगड त्या बीमवर. वरच्या बाजूला थोडा उतार, म्हणजे पाणी साचत नाही. पैसे खरे इथे घाला. दिसत नाही म्हणून लोक नेमकं इथेच वाचवतात. शिवाय आधी तुमच्या पाळकांना किंवा दफनभूमीच्या कमिटीला विचारून घ्या. लांबी-रुंदी-उंचीचे नियम सगळीकडे सारखे नसतात, आणि काही ठिकाणी ठराविक वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरतात. कायमची जागा घेतलेली नसेल तर मोठं बांधकाम करू नका, नुसती उचलता येईल अशी पाटी करा.

दगडात काळा ग्रॅनाइट घ्या. कडप्पा स्वस्त पडतो, पण उन्हापावसात पांढुरका होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. संगमरवर दिसायला सुंदर, पण आपल्या पावसात त्यावर हिरवट-काळं शेवाळ धरतं आणि आम्लाचा त्याला जन्माचा वैरभाव. नाताळाच्या आधी चमकवायचा म्हणून मी स्वतः त्यावर बाथरूमचं अ‍ॅसिड ओतलं होतं. फसफसून फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. निघत होता दगड. आमचा दुसरा खर्च तो. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास. लिंबू-व्हिनेगरसुद्धा नको.

आता अक्षरं. रंगवलेली नकोत, कोरलेली हवीत, आणि बोट फिरवलं तर कड लागली पाहिजे. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेला भाग आपोआप राखाडी दिसतो, त्यात सोनेरी रंग भरायची गरजच नसते. भरलात तर काही वर्षांनी अर्धा निघून 'म' चा 'न' वाटायला लागतो. पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. गेलेल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, आईने कोरून घेतलेला. अठरा-एकोणीसशे वर्षं झाली, त्यात कुणी रंग भरत नाही, तरी जाणकार तो आजही वाचतात.

कोरायच्या आधी मजकूर कागदावर मूळ आकारात छापून मागा आणि घरातल्या दोघांनी वेगवेगळा वाचा. हे मी हात जोडून सांगते. दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मजकूर कोरायच्या मशीनसाठी दुसऱ्या फाँटमध्ये टाकतो आणि रफार उडी मारतो. आमच्या प्रूफमध्ये 'मार्च'चं 'माचर्' आणि 'स्वर्गवासी'चं 'स्वगर्वासी' झालं होतं. आईला सगर्व करून ठेवली होती! पप्पा प्रेसमधून रिटायर झालेले, त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. मग 'स्वर्गवासी'ही काढलं आणि आमच्याकडे म्हणतात तसं 'ख्रिस्तवासी' केलं. वचन घालायचं तर छोटं घाला, किंवा नुसता संदर्भ, 'स्तोत्र २३'. ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

फोटो हवाच असेल तर भट्टीत भाजलेल्या सिरॅमिकच्या पाटीवर करून घ्या. काचेआड लावलेल्या फोटोत पहिल्याच पावसात ओल शिरते आणि चेहऱ्यावरच डाग पडतो. ते बघवत नाही.

प्लास्टिकची फुलं मला पटत नाहीत, हे उघडच सांगते. नाशिकच्या उन्हात एका उन्हाळ्यात लालाचं फिकट गुलाबी होतं, मग पाकळ्यांचे तुकडे शेजारच्या कबरींवर उडतात. आपल्या गावाचं जुनं नाव गुलशनाबाद, जानोरी-मोहाडीचे गुलाब इथून बाहेरगावी जातात, आणि आपण आपल्या माणसाला प्लास्टिक वाहायचं? स्लॅबच्या मध्ये हातभर जागा मातीची उघडी ठेवा. त्यात सदाफुली किंवा ऑफिस टाइम लावा, आठवडाभर कुणी फिरकलं नाही तरी तग धरतात. आम्ही निशिगंधाचे कांदे लावलेत. गुलाबाचं झाड नको, काटे वाढून वाटेत येतात. मोठं होणारं कुठलंच झाड नको, मुळं बीम उचलतात.

फुलदाणी दगडातच बसवून घ्या, खाली भोक ठेवून, आणि पाण्याऐवजी ओली वाळू भरा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. पितळेचं काही ठेवू नका, राहत नाही. काचेचंही नको. गवत कापायचं मशीन फिरलं की काचा कुठवर उडतील सांगता येत नाही. सोलर दिवे मी लावून बघितले. वर्ष-दीड वर्षात बॅटरी बसते आणि मग ते नुसते प्लास्टिकचे खुंट उरतात. दोन नोव्हेंबरला किंवा ईस्टरच्या पहाटे मेणबत्त्या लावायच्या तर वाळू भरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये लावा. मेण थेट ग्रॅनाइटवर सांडलं तर तेलकट डाग राहतो. सांडलंच तर थंड होऊ द्या आणि जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, सुरीने नाही.

आमचं तिसऱ्यांदा केलेलं काम चार पावसाळे टिकलंय. पप्पा दर रविवारी उपासनेनंतर तिकडे जातात. शर्टाच्या खिशात जुना टूथब्रश असतो, अक्षरांतली धूळ ते त्यानेच काढतात. 'ख्रिस्तवासी'तला 'ख्रि' सगळ्यात वेळखाऊ आहे, असं परवाच तक्रारीच्या सुरात सांगत होते.