दृष्ट आणि मधूमामाची आकडी

प्रिय अन्वी,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, मधूमामाला मेंदूचा आजार होता आणि आजी त्याची दृष्ट काढत बसायची? कुणी तिला थांबवलं कसं नाही?" फार लागलं गं ते.

चिपळूणच्या घरी तिन्हीसांजेला आजी मुठीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या घ्यायची, मधूवरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. ठसका लागला नाही की म्हणायची, "बघ, केवढी दृष्ट होती!" मग हात धुऊन त्याला आकडीवरची गार्डिनालची गोळी द्यायची. ती गोळी तिनं कधी चुकवली नाही, हे तुला ठाऊक असायला हवं.

मधू पोटात असताना ग्रहणात तिनं विळीवर भाजी चिरली, असं घरातल्या मोठ्या बायका तिच्या तोंडावर बोलायच्या. ग्रहणाचा दोष तिच्या माथी. दृष्ट मात्र परक्या कुणाची तरी. म्हणून ती दृष्टीला धरून राहिली असेल का? मलाही हे पुरतं पटतंच असं नाही.

पुढे मुंबईत स्कॅन झाला तेव्हा ट्यूबरस स्क्लेरोसिस हे नाव कळलं. तू शिकतेस ते एमटॉर नावाचं प्रथिन पेशीला वाढायला लावतं. हॅमार्टिन आणि ट्यूबेरिन ही प्रथिनं जोडीनं त्याला लगाम घालतात. एकाचं जरी जनुक बिघडलं तरी गर्भातच मेंदूतल्या काही पेशी अवाजवी मोठ्या होतात, भलत्या जागी बसतात आणि पुढे आकड्या येतात. मधूच्या पाठीवरचे पांढरट डाग, ज्यांना शेजारी कोड म्हणायचे, तेही याच आजाराचे. आणि साधारण तिघांतल्या दोघा रुग्णांत हा बिघाड आईबापांकडून आलेलाच नसतो, नव्यानं घडतो. विळीचा काय संबंध!

एमटॉरला आवरणारं रॅपामायसिन आपल्या मांट्रियलमध्येच सुरेंद्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी वेगळं केलं, १९६४ साली ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून. त्याच कुळातलं एव्हरोलिमस २०१८ मध्ये अमेरिकेत या आकड्यांवर पूरक औषध म्हणून मंजूर झालं. मधू तोवर गेला होता.

मे महिन्यात आजी येईल. तुझ्या परीक्षेआधी मीठ-मोहरी घेईलच ती. नको असेल तर सरळ सांग, मी मध्ये पडणार नाही. पण त्या नव्यानं घडणाऱ्या बिघाडाचं तिला तू समजावशील? माझं ती ऐकून घेते आणि विषय बदलते. नातीचं कदाचित ऐकेल.

तुझी,
आई