वाहन दुरुस्ती आणि ऊर्जा हे विभाग एकाच व्यवसाय शाळेत कसे आले?

गाडीतली वीज वाढत गेली म्हणून. कार्ब्युरेटरच्या काळात फीलर गेज (बारीक फट मोजायची पट्टी) आणि टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ जुळवायचा दिवा) जमला की भागायचं. वीज म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी. १९९६ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीतला बिघाड कोडमध्ये सांगणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, ते कोड वाचायला वर्गात स्कॅनर शिरला. १९९७ च्या प्रियसनंतर (टोयोटाची पेट्रोल-वीज हायब्रिड गाडी) तर २०० व्होल्टच्या वरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, वर्कशॉपमध्ये आला. डीसीचा एसी करणारा इन्व्हर्टर ऊर्जा विभागातल्या सोलरवाल्यांकडेही होताच, मग दोन वेगळे शिक्षक कशाला?

आता पहिलं प्रात्यक्षिक सुरक्षेचं: इग्निशन बंद, १२ व्होल्टची निगेटिव्ह काढा, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा प्लग) काढा. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात, इथेच घाई नडते. मग मीटरने व्होल्ट शून्य झाले का बघा, पण मीटर आधी चांगल्या चार्ज असलेल्या बॅटरीवर तपासा; बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.